इसार कुणाच्या हाती?

"आत्या, अगं मी झोपलो होतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कल्याणात शनिवारची सकाळ, सव्वासात वाजलेले. इथे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये शुक्रवार रात्रीचे पावणेनऊ. तारीख तुमच्याकडची ११ ऑक्टोबर २०२५. कोजागिरी नुकतीच होऊन गेली होती. फराळाच्या पार्सलचं विचारायला भाच्याने फोन केला असेल, असं मला वाटलं. त्याचा आवाज ऐकला आणि मी गॅस बंद करून खुर्चीत बसले.

तीन लाख चाळीस हजार रुपये गेले होते. एका अ‍ॅपवर तो रोज संध्याकाळी बिटकॉइनचे पुट ऑप्शन विकायचा. बिटकॉइन अमुक भावाच्या खाली जाणार नाही, अशी पैज. दुसऱ्या दिवशी एक्सपायरी झाली, म्हणजे सौद्याची मुदत संपली, की विकताना मिळालेला प्रीमियम खिशात. सहा महिने तो याला 'माझा दुसरा पगार' म्हणत होता. हा दुसरा पगार पहिल्याच्या पुढे गेला तेव्हा त्याने मला आकडे पाठवले होते. आणि मी, खोटं कशाला सांगू, 'सांभाळून रे' एवढंच लिहून कामाला लागले होते. त्या रात्री, तुमच्याकडे अडीच वाजायच्या सुमारास, बिटकॉइन कोसळलं. त्याचं मार्जिन, म्हणजे तारण म्हणून ठेवलेली रक्कम, संपलं असं अ‍ॅपने ठरवलं, मिळेल त्या भावाला सौदा तोडला, आणि सकाळी डोळे चोळत फोन हातात घेतला तर एक ओळ येऊन पडलेली.

मी बावीस वर्षं ऑप्शनच्या क्लिअरिंगमध्ये नोकरी करते. सौदे करणारे वेगळे; पंगत उठल्यावर उष्टी काढणाऱ्यांतली मी. कुणी काय विकलं, कुणाचं काय येणं, एक्सपायरीच्या संध्याकाळी कुणाच्या पदरात काय पडलं, याचे हिशेब जुळवायचे. म्हणून बिटकॉइन चांगलं की वाईट, यावर मला फारसं काही म्हणायचं नाही. ते वर जाईल की खाली, हेही मला विचारू नका. मला बोलायचंय ते पंगत उठल्यानंतरच्या गोष्टींबद्दल, कारण भाच्याचे पैसे तिथे गेले.

योगायोग असा, की तोच शुक्रवार आमच्याही ऑफिसात लांबला होता. अमेरिकेत बिटकॉइनचे फंड आता शेअर बाजारात सूचीबद्ध आहेत आणि त्या फंडांवर ऑप्शनही आहेत. सगळ्यांत मोठा फंड ब्लॅकरॉकचा, 'आयबिट'. त्याची आठवड्याची एक्सपायरी शुक्रवारी. शिकागोच्या घड्याळात दुपारी तीनला बाजार बंद होतो, पण ऑप्शन ज्याच्या हातात आहे त्याला तो वापरायचा की सोडून द्यायचा हे ठरवायला साडेचारपर्यंत मुदत असते. बरेच ब्रोकर आपल्या गिऱ्हाइकांना त्याहून कमी वेळ देतात, ते वेगळं. एरवी या दीड तासात काही घडत नाही. ऑप्शन एका सेंटनेही फायद्यात असला तर तो आपोआप वापरला जातो, नसला तर मरतो. आम्ही कॉफी पितो.

त्या दिवशी बाजार बंद झाल्यावर, चारला दहा कमी असताना, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची घोषणा आली: चिनी मालावर आणखी १०० टक्के आयातशुल्क. त्याच दिवशी आधी एक लाख वीस हजार डॉलरच्या वर असलेलं बिटकॉइन पुढच्या अर्ध्या तासात एक लाख पाच हजारांच्या आसपास आपटलं. आणि ज्यांच्याकडे तीन वाजता 'मेलेले' पुट होते, त्यांच्या लक्षात आलं की ते अजून मेलेले नाहीत. बंद भावाने पाहिलं तर निरुपयोगी. पण साडेचारच्या आत 'मला वापरायचाय' असं कळवलं, तर उतरलेला माल वरच्या ठरलेल्या भावाला समोरच्याच्या गळ्यात मारता येतो. उलट बाजूला ज्यांनी ते पुट विकले होते, ते तीन वाजता प्रीमियम पचला म्हणून ढेकर देऊन उठलेले. त्यांच्यातल्या काहींना नंतर कळलं की फंडाचे शेअर त्यांच्या खात्यात येऊन पडलेत. कुणाच्या, हे आमच्याकडे सोडतीने ठरतं. अक्षरशः सोडत. जो पुट वापरला जातो त्याचा विशिष्ट विक्रेता असा कुणी नसतोच; मधल्या संस्थेकडून, तिच्याबद्दल पुढे सांगते, तो दलाल सभासदांमध्ये यादृच्छिक वाटला जातो.

आता दोन्हीकडे शेजारी शेजारी बघा. त्याच घसरणीत इथल्या विक्रेत्यालाही फटका बसला. पण त्याला मुदत माहीत होती, नियम छापलेला होता, धोका कमी करायला बाजारानंतरचे सौदे रात्री सातपर्यंत चालू होते. माझ्या भाच्याला एक ओळ मिळाली.

ऑप्शन म्हणजे काय हे मी इथल्या मराठी मुलांना इसारावरून सांगते. माझ्या बाबांनी १९८६ साली डोंबिवलीत फ्लॅट घेताना अकरा हजारांचा इसार दिला होता. भाव ठरला, मुदत ठरली, पावती झाली. मुदतीत उरलेले पैसे उभे राहिले नसते तर इसार बुडाला असता. ऑप्शनही असाच, फरक इतकाच की इसारपावतीने दोघंही बांधले जातात, ऑप्शनने फक्त विकणारा. घेणाऱ्याला हक्क, विकणाऱ्याला बांधिलकी. समजा फंडाचा एक शेअर ५० डॉलरला आहे. महिन्याभरात तो ५५ला घेण्याचा हक्क मी दोन डॉलरना घेतला; हे दोन डॉलर म्हणजे प्रीमियम. एक लॉट शंभर शेअरचा, म्हणजे माझे २०० डॉलर गेले. शेअर ५७च्या वर गेला तरच मी कमावणार. ५४वर थांबला, तर बिटकॉइन वाढेल हा माझा अंदाज बरोबर आणि माझे पैसे शून्य. बरोबर असूनही हरता येतं, हे नवख्याला पटतच नाही. हा हक्क माल घेण्याचा असला तर कॉल, विकण्याचा असला तर पुट.

हे आपल्याकडे नवं नाही बरं का. भारताचा १९५६चा रोखे करारांचा कायदा उघडा. 'ऑप्शन'च्या व्याख्येत 'तेजी, मंदी, तेजी-मंदी, गल्ली' हे शब्द जसेच्या तसे आहेत. कायदा लिहिणाऱ्यांनी मुंबईच्या बाजारातली बोली उचलून इंग्रजी वाक्यात बसवली, आणि त्याच कायद्याने या सगळ्याला बंदी घातली. ती १९९५ला उठली, २००१ला निफ्टीचे ऑप्शन सुरू झाले. मला ती व्याख्या फार आवडते. पहिल्यांदा वाचली तेव्हा ऑफिसात एकटीच हसले होते. समजावून सांगायला शेजारी कुणी मराठी-गुजराती नव्हतं.

तर आयबिटचे ऑप्शन. बिटकॉइनचा फंड काढायला परवानगी द्या, असा पहिला अर्ज विंकल्वॉस बंधूंनी २०१३ला केला होता. अमेरिकेचं सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन दहा वर्षं नाही म्हणत राहिलं. ऑगस्ट २०२३ला ग्रेस्केलच्या खटल्यात अपील न्यायालयाने कमिशनलाच झापलं: बिटकॉइनच्या वायद्यांवरचा फंड चालतो आणि प्रत्यक्ष बिटकॉइनचा चालत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? १० जानेवारी २०२४ला तीन विरुद्ध दोन मतांनी मंजुरी मिळाली. आदल्या दिवशी कमिशनचं एक्सवरचं खातं कुणीतरी हॅक करून मंजुरीची खोटी बातमी टाकली होती. गुंतवणूकदारांचं रक्षण करणाऱ्या खात्याचंच कुलूप फोडलेलं, ही त्या आठवड्यातली गंमत.

फंडावरच्या ऑप्शनला आणखी दहा महिने लागले. २० सप्टेंबर २०२४ला कमिशनने होकार दिला, १९ नोव्हेंबरला नॅस्डॅकवर सौदे सुरू झाले. पहिल्याच दिवशी साडेतीन लाखांहून अधिक लॉट. एका पुटमागे चारहून जास्त कॉल, म्हणजे बहुतेक सगळ्यांना वरच जायचं होतं. पन्नास वर्षांपूर्वी, २६ एप्रिल १९७३ला, इथे शिकागोत जगातलं पहिलं सूचीबद्ध ऑप्शनचं एक्स्चेंज उघडलं तेव्हा फक्त १६ कंपन्यांचे कॉल होते, दिवसभरात ९११ लॉट झाले, आणि पुट सुरू करायला नियामकांनी आणखी चार वर्षं घेतली. बिटकॉइनला पहिल्या दिवसापासून दोन्ही. एका गिऱ्हाइकाला एका बाजूने जास्तीत जास्त २५ हजार लॉट धरता येतील अशी मर्यादा होती. आठ महिन्यांत, जुलै २०२५च्या अखेरीला, ती अडीच लाखांवर नेली.

या दहापटीवर इथल्या वर्तमानपत्रांत बरंच लिहून आलं. मला त्याची फार काळजी वाटत नाही. अडीच लाख लॉट धरणारा माणूस आमच्या पडद्यावर रोज दिसतो. त्याचं मार्जिन रोज नव्याने मोजलं जातं. धोका त्याच्याकडून नाही असं नव्हे, पण त्याच्यावर डोळा आहे.

सूचीबद्ध होणं म्हणजे नेमकं हे. लोकांना वाटतं एक्स्चेंजवर आलं म्हणजे माल चांगला. तसं मुळीच नाही. माल तोच आहे, फक्त इसार तिसऱ्याच्या हाती गेलाय. अमेरिकेत कुठल्याही एक्स्चेंजवर शेअरच्या किंवा फंडाच्या ऑप्शनचा सौदा झाला, की ऑप्शन्स क्लिअरिंग कॉर्पोरेशन नावाची शिकागोतली संस्था मध्ये उभी राहते. घेणाऱ्यासाठी ती विकणारी, विकणाऱ्यासाठी ती घेणारी. समोरचा बुडाला तरी माझं येणं ती भागवते. त्यासाठी तिने सगळ्या दलाल सभासदांकडून मार्जिन घेतलेलं असतं आणि वर सगळ्यांचा मिळून एक निधी ठेवलेला असतो. कंटाळवाणं काम आहे. माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं आणि माझ्या आईला मी नक्की काय करते हे कधीच सांगता आलं नाही. ती शेजाऱ्यांना सांगायची, "बँकेत आहे."

१० ऑक्टोबरच्या रात्री अशी मधली संस्था नसलेल्या क्रिप्टो एक्स्चेंजांवर काय झालं, त्याच्याशी हे ताडून बघा. चोवीस तासांत १,९०० कोटी डॉलरहून जास्त किमतीचे उसन्या पैशांवरचे सौदे जबरदस्तीने तोडले गेले. हरणाऱ्यांचे तर तोडलेच. पण काही ठिकाणी जिंकणाऱ्यांचेही. हरणाऱ्यांकडे द्यायला पैसे उरले नाहीत, राखीव निधी पुरेना, मग यंत्राने जिंकणाऱ्यांचे सौदे आपणहून बंद केले. त्यांच्या नियमावलीत याला एक सोज्वळ तांत्रिक नाव आहे. गावच्या भाषेत, डाव जिंकत आलेल्याच्या हातातले पत्ते काढून घेतले. बिटकॉइन पडणार हे ओळखून ज्याने बरोबर बाजू धरली, त्यालाही त्या रात्री पूर्ण मोबदला मिळेलच असं नव्हतं.

हे सगळं सांगताना मी इथल्या व्यवस्थेची आरती ओवाळतेय असं वाटेल. नाही. दोन गोष्टी इथेही मला खटकतात, आणि त्यातली एक तर चांगलीच.

पहिली वेळेची. बिटकॉइन आठवड्याचे १६८ तास चालतं. फंड नियमित सत्रात दिवसाला साडेसहा तास, पाच दिवस, म्हणजे साडेबत्तीस. उरलेले सव्वाशेहून अधिक तास तुमच्या ऑप्शनचा भाव गोठलेला आणि ज्याच्यावर तो उभा आहे ती वस्तू धावत सुटलेली. शनिवारी रात्री बिटकॉइन दहा टक्के पडलं तर सोमवारी सकाळपर्यंत तुम्ही आयबिटचा ऑप्शन विकू शकत नाही. बाजाराला मधून मधून झोप लागते ही मला एरवी चांगली गोष्ट वाटते. इथे मात्र तुम्ही झोपता आणि समोरची वस्तू जागी असते.

दुसरी गोष्ट 'उत्पन्ना'ची. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत, एक निवृत्त काका मला म्हणाले, "तुमच्या लाइनीतलं विचारायचंय. बिटकॉइनवर दरमहा पैसे देणारा फंड घेतलाय. व्याज छान आहे." मी म्हटलं, "काका, बिटकॉइनला व्याज नसतं." बिटकॉइन काही देत नाही, भाडं नाही, लाभांश नाही, कूपन नाही. मग दरमहा पैसे येतात कुठून? तो फंड बिटकॉइनच्या फंडाचे कॉल विकतो आणि आलेला प्रीमियम वाटतो.

काका मूळचे देवगडचे, म्हणून त्यांना बागेवरून सांगितलं. मोहोर बघून तुम्ही बाग व्यापाऱ्याला दिलीत. रोख हातात आली. आंबा भरघोस लागला, भाव चढला, तर ती चांदी व्यापाऱ्याची. वादळात कलमं मोडली, तर मोडलेली कलमं कुणाची? "आमची," काका म्हणाले आणि गप्प झाले. पुढची वाटी घेऊन बाजूला उभे राहिले. बिटकॉइन घेण्याचं एकमेव कारण म्हणजे ते कधीतरी भन्नाट वाढेल ही आशा. हे फंड तीच आशा दर महिन्याला विकून टाकतात आणि पडझड तुमच्याकडे ठेवतात. शिवाय दरमहा येणाऱ्या पैशांत बरेचदा तुमचंच मुद्दल परत येत असतं. यात बेकायदा काही नाही. माहितीपत्रकात सगळं लिहिलेलं असतं, चाळिसाव्या पानावर. पण 'उत्पन्न' हा शब्द पेन्शनवर जगणाऱ्या माणसापुढे ठेवायला परवानगी नसायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि लॉटच्या मर्यादेवर भांडणाऱ्यांपैकी कुणालाही या शब्दावर भांडावंसं वाटलेलं नाही.

आता तुमच्याकडचं. १९ नोव्हेंबर २०२४ या तारखेकडे परत येते. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये आयबिटचे ऑप्शन सुरू होत होते आणि मुंबईत एनएसईवर फिन निफ्टी या निर्देशांकाची शेवटची साप्ताहिक एक्सपायरी होत होती. बँक निफ्टीची आठवडाभर आधी झाली होती. दुसऱ्या दिवसापासून बाजार-नियामक सेबीचे नवे नियम लागू होणार होते: एका एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्सपायरी, आणि करार किमान पंधरा लाखांचा. त्या दुसऱ्या दिवशी बाजार बंदच होता, कारण महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. भाऊ कल्याणात रांगेत उभा राहून मला फोटो पाठवत होता. भाचा सोबत होता. बँक निफ्टीची बुधवारची एक्सपायरी बंद झाली म्हणून तो वैतागला होता. एक्सपायरीच्या दुपारी पाच-दहा रुपयांचे ऑप्शन घेऊन नशीब काढायचं, याला त्याच्या मित्रमंडळीत 'हीरो-झीरो' म्हणतात. तो खेळ आता महाग झाला होता.

सेबीने जे केलं ते बरोबर होतं. तिच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. नियम कडक केल्यावरही २०२४-२५ला ९१ टक्के तोट्यातच, एकूण तोटा १,०५,६०३ कोटी. पण सेबीच्या हाताखालचा एक दरवाजा अरुंद झाला आणि माझा भाचा शेजारच्या दरवाजाने बाहेर पडला. तिथे रोज एक्सपायरी होती, शनिवारी-रविवारी सुद्धा. पैसे रुपयांतच भरायचे. चारपाचशे रुपयांतही काम भागत होतं.

त्या दरवाजावर सरकारची पाटी आहे, पण तिच्यावर लिहिलेलं नीट वाचायला हवं. मार्च २०२३पासून क्रिप्टोचे धंदे काळा पैसा रोखण्याच्या कायद्याखाली आले आणि त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. अ‍ॅपवाले 'भारत सरकारकडे नोंदणीकृत' असं ठळक छापतात. ती नोंदणी तुम्ही चोर आहात का हे तपासण्यासाठी आहे, तुमचे पैसे सुरक्षित आहेत का हे बघण्यासाठी नाही. भाच्याला हा फरक माहीत नव्हता. एम.कॉम. झालेला मुलगा आहे.

आणि कराची गंमत. एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, तोटा कशातूनही वजा करायचा नाही. जुलै २०२२पासून विक्रीच्या व्यवहारावर एक टक्का टीडीएस. उद्देश लोकांना परावृत्त करणं हा असेल. पण ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष नाणं हातात येत नाही, म्हणून हा टीडीएस लागत नाही, असं सांगून हीच दुकानं गिऱ्हाईक ओढतात. म्हणजे जो बिटकॉइन विकत घेऊन गप्प बसला असता, त्यालाही आपण त्याच्या दसपट धोक्याच्या खेळाकडे हाकललं. एखाद्या धोरणाचा यापेक्षा उलटा परिणाम मी तरी पाहिलेला नाही.

"मग तुझ्या तिकडे खातं उघडून देतेस का? तिथे तरी कुणीतरी मध्ये असतं," तो त्या फोनवर म्हणाला. तेही होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत भारतातल्या रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, पण परदेशी एक्स्चेंजला मार्जिन भरण्यासाठी नाही. हा नियम आपल्या जागी ठीक आहे. पण एकत्र बघितलं की हसू येतं, आणि हसू यायला नको असतं: जिथे तिसरा माणूस इसार सांभाळतो ते दुकान भाच्याला बंद, जिथे कुणीच सांभाळत नाही ते त्याच्या खिशात चोवीस तास उघडं.

माझं म्हणणं एवढंच आहे की अर्थ मंत्रालयाने या रुपयांतल्या क्रिप्टो ऑप्शनचा कुणीतरी एक धनी ठरवावा. माझ्या मते तो सेबी. मग तिने खुशाल रोजच्या एक्सपायऱ्या बंद कराव्यात, गिऱ्हाइकांचे पैसे अ‍ॅपच्या पैशांपासून वेगळे ठेवायला लावावेत, सौदा तोडण्याचा नियम मराठीत, हिंदीत, ठळक छापायला लावावा. किंवा सरळ बंदी घालावी. तेही मी समजू शकते. रिझर्व्ह बँकेचा जुना आक्षेप आहे की नियम केले की प्रतिष्ठा मिळते आणि लोक आणखी येतात. आक्षेपात तथ्य आहे. पहिल्या दिवशी साडेतीन लाख लॉट प्रतिष्ठेशिवाय होत नाहीत. पण भाचा प्रतिष्ठेची वाट बघत थांबला नव्हता. आणि मला कुणी म्हणेल, सेबीच्या नजरेखाली ९१ टक्के बुडालेच ना? बुडाले. पण ९१ हा आकडा आपल्याला माहीत आहे, कारण कुणाला तरी तो मोजणं भाग होतं. अ‍ॅपवरच्या बिटकॉइनच्या ऑप्शनमध्ये शंभरातले किती बुडतात, हे मोजण्याची जबाबदारी भारतात आज कुणावरही नाही.

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत जॉबर होते. त्यांच्या चाळीत लोक आकडा लावायचे. तेव्हा आकडा यायचा न्यूयॉर्कहून, तिथल्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावावरून. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथूनच आले. पुढे ते भाव यायचे थांबले तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या निघायला लागल्या आणि खेळाला मटका हे नाव पडलं. आजोबांनी आयुष्यात एकदा लावला, जिंकले, आणि पैसे घ्यायला गेले तर घेणारा माणूस गावाला गेला होता. ही गोष्ट ते हसत हसत सांगायचे, सात रुपयांची होती.

भाच्याने त्या अ‍ॅपला पत्र लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं: आपली पोझिशन वापराच्या अटींनुसार बंद करण्यात आली आहे, आम्ही आपली तक्रार निकाली काढत आहोत. पुढे कुणाकडे जायचं, हे त्याने मला विचारलं. सेबीच्या तक्रार संकेतस्थळावर क्रिप्टो नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे बँकांच्या तक्रारी जातात. फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट ग्राहकांच्या तक्रारी घेत नाही. राहिला ग्राहक आयोग, कल्याणच्या वकिलाने फी सांगितली ती ऐकून भाऊ म्हणाला, "राहू दे ग, सोड."

फराळाचं पार्सल दिवाळीनंतर आठ दिवसांनी आलं. चकल्या मोडल्या होत्या.